फरशीचा पायगुण

धुळ्याच्या अभिमनशेठचा फोन आला तेव्हा हेमांगी जळगावच्या एमआयडीसीत, कंपनीच्या तपासणीच्या खोलीत, सिमेंटच्या ठोकळ्यावर चिकटवलेला फरशीचा तुकडा छिन्नीने उपटून बघत होती. कंपनी फरशी चिकटवायचा मसाला बनवायची, आणि फरशी व काँक्रीट यांच्या मध्ये घालायचे थरही. त्या थरांना बाजारात मेंब्रेनच म्हणतात. कुठून तक्रार आली की जायचं, दोष मसाल्याचा, गवंड्याचा की जमिनीचा ते ठरवायचं आणि उपाय सांगायचा, हे हेमांगीचं काम.

"मॅडम, साक्री रस्त्याला आत निंबखेडं आहे," अभिमनशेठ म्हणाला. "तिथे एका घरी हॉलची फरशी उठली. दुसऱ्यांदा. मसाला माझ्या दुकानातला, म्हणजे आपलाच. तुम्ही येऊन बघितलं तर बरं."

"घर कुणाचं?"

"झुलाल आबा. शेतकरी माणूस. पोरगा कापसाच्या जिनिंगमध्ये असतो, प्रेमराज."

हेमांगीने छिन्नी खाली ठेवली. गुरुवारी येते म्हणाली.

धुळं-नंदुरबारकडचं काम तिच्याकडेच होतं. दुसऱ्या कुणाला पाठवा म्हटलं असतं तर साहेबांनी पाठवलंही असतं, पण मग कारण सांगावं लागलं असतं. कारण सांगत बसण्यापेक्षा जाऊन येणं सोपं.

कारण एवढंच होतं की त्या घरात ती दोन वर्षं सून म्हणून राहिली होती.

जळगावातून सिव्हिलचा डिप्लोमा करून ती निंबखेड्याला गेली तेव्हा घर नवंकोरं होतं. पुढे जुन्या जोत्यावर मोठा हॉल, मागे वाढवलेल्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोरी. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, भर दुपारी, ती पाहुण्यांना पन्हं देत असताना हॉलमध्ये सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. सगळे दचकून उठले. बघतात तर मधल्या दोन फरश्या जागेवरून सुटून एकमेकींना टेकून कौलासारख्या उभ्या. पन्ह्याचा पेला तिच्या हातून पडला तोही तेव्हाच. कुणी हसलं नाही. त्या महिन्यात आणखी एक रांग उठली. पुढच्या पोळ्याच्या आधी घरचा एक बैल गेला, मग आबा ओट्यावरून घसरून पडले. झुलाल आबांची विधवा आत्या, भिकुबाई, ओसरीच्या खाटेवर बसून असायची. तिने एक दिवस शब्द उच्चारला: पायगुण. नंतर तो शब्द घरात कुणी मोठ्याने बोललं नाही, आणि तशी गरजही राहिली नाही. सासूबाई, मंजुळाबाई, तिला पूजेच्या ताटापासून लांब ठेवू लागल्या. आबा गप्प. प्रेमराजही गप्प. तो वाईट नव्हता. त्याने कधी आवाज चढवला नाही, पण कधी आईला "पुरे" असंही म्हटलं नाही. हेमांगी एकदा म्हणाली होती, "फरशीला काहीतरी तांत्रिक कारण असेल." "कोणतं?" असं प्रेमराजने विचारलं तेव्हा तिला सांगता आलं नाही. डिप्लोमात काळ्या मातीवर अर्धं पान होतं. ते तिने परीक्षेपुरतं वाचलं होतं.

शेवटी तिला माहेरी आणून सोडलं, घटस्फोटाचे कागद झाले, आणि त्याला आता सहा वर्षं होत आली होती.

गुरुवारी अभिमनशेठ तिला धुळ्याच्या स्टँडवरून आपल्या गाडीत घेऊन गेला. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. कापसाची वेचणी चालू होती, रस्त्याच्या कडेला गाठोडी भरलेले टेम्पो उभे होते. तो वाटेत नव्या मालाबद्दल बोलत राहिला आणि ती हो हो म्हणत राहिली.

दार एका तरुण बाईने उघडलं. पोट पुढे आलेलं, पाचवा-सहावा महिना असावा. तिने हेमांगीकडे पाहिलं आणि क्षणभर दाराच्या चौकटीवरचा हात तिला काढता येईना. ती कामिनी, प्रेमराजची दुसरी बायको. लग्नाच्या फोटोंतून का होईना, तिने हेमांगीला पाहिलं असणार.

"कंपनीकडून आलेय," हेमांगी म्हणाली. "फरशी बघायला."

"या ना ताई."

ओसरीवर भिकुबाई होतीच. डोळ्यांनी आता कमी दिसत होतं, पण आवाज ओळखला असावा. "कोन शे?" तिने विचारलं. तेवढ्यात मंजुळाबाई आतून आल्या, पदर सावरत थबकल्या. सहा वर्षांत बाई निम्म्याने वाळल्या होत्या. हेमांगीला क्षणभर प्रश्न पडला, यांना काय म्हणून हाक मारावी? पूर्वी ती आई म्हणायची. गाव अक्का म्हणतं, तेच बरं.

"अक्का, हॉल मोकळा करावा लागेल थोडा."

"पानी लेस का?" मंजुळाबाई म्हणाल्या.

"नंतर."

तिने पिशवीतून लाकडी मुठीची दांडी काढली आणि भिंतीपासून सुरुवात करून एकेक फरशी ठोकत गेली. भरीव वाजली की पुढे, पोकळ वाजली की खडूने फुली. अर्ध्या हॉलवर फुल्या झाल्या. मग सुटलेल्या दोन फरश्या उचलून खालचं काँक्रीट झाडून घेतलं. काँक्रीटला आडव्या-तिडव्या केसाएवढ्या भेगा होत्या. फरशीच्या पाठीला मसाला नीट बसलेला होता. मसाल्याची चूक नव्हती. जुन्या भेगांवरच नवी फरशी थेट चिकटवली होती, तीही भिंतीला घट्ट भिडवून. उन्हाळ्यात फुगायला तिला बोटभरही जागा नव्हती.

मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी मात्र गोष्ट वेगळी होती. तिथली भेग रुंद होती. तिने अॅल्युमिनियमची सरळ पट्टी आडवी ठेवली. हॉलच्या बाजूला पट्टी टेकली, खोलीच्या बाजूला खालून नाणं सरकलं.

ती उकिडवी बसून बघत असताना कामिनी जवळ आली. मंजुळाबाई चहाकडे गेल्या होत्या.

"ताई, एक विचारू? तुमच्या वेळीही असंच झालं होतं का?"

"असंच."

"आवाज होऊन?"

"हो."

कामिनी भिंतीला टेकून हळूच खाली बसली. "मेमध्ये मी इथेच झोपले होते. त्या तिथे. डोक्याशेजारी फुटली फरशी. मला तेव्हा नुकतेच दिवस..." ती थांबली. "भिकुआजी म्हणतात, पहिली आली तरी तेच, दुसरी आली तरी तेच."

"आणि अक्का?"

"अक्का त्यांना गप करतात. मला काही बोलत नाहीत. आता लोक वेगळंच बोलायला लागलेत ना." कामिनीने आवाज आणखी खाली आणला. "म्हणतात, दोन्ही बायकांचा पायगुण कसा वाईट असेल? दोष पोराचाच असेल."

हेमांगीने पट्टी पुसून पिशवीत ठेवली. हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. सहा वर्षं तिने या घराचा विचार करायचा टाळला होता, आणि इकडे दोषाला बसायला नवी जागा शोधत फिरावं लागत होतं. तिला हसू आलं नाही आणि बरंही वाटलं नाही. फक्त मंजुळाबाई एवढ्या वाळल्या कशा, ते कळलं.

चहा घेऊन आल्या तेव्हा मंजुळाबाई सरळच बोलल्या. पुढच्या महिन्यात कामिनीचं डोहाळजेवण आहे, सोयरे-धायरे येतील, त्याआधी फरशी झाली पाहिजे. "आनी तू सांग सगळास्ले, हाई कसामुये व्हस ते. तुनं शिक्षन शे."

"आधी मला तरी कळू द्या," हेमांगी म्हणाली.

तिने प्लास्टर ऑफ पॅरिस कालवलं आणि भेगांवर जागोजागी रुपयाएवढे ठिपके लावले. हॉलमध्ये काही, उंबऱ्यावर काही. यांना कुणी हात लावू नका, मी तीन-चार आठवड्यांनी येते. भेग हलली तर ठिपका तडकेल, आणि कसा तडकला त्यावरून ती कुठे हलते ते कळेल.

"डोहाळजेवण?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"काँक्रीटवर सतरंजी टाका."

परतताना अभिमनशेठ कुरकुरला. त्याच्या हिशेबाने दाणेदार चटई सगळ्या घरभर अंथरली की काम तमाम. दुकानात ती नुकतीच आली होती: प्लास्टिकची, खाली पातळ कापड, वर पोकळ दाण्यांची नक्षी. "सगळ्या भेगांवर चालते म्हणतात, मॅडम."

"म्हणू देत," हेमांगी म्हणाली आणि खिडकीतून बाहेर बघू लागली.

दुसऱ्यांदा ती गेली तेव्हा थंडी पडली होती. हॉलमधले ठिपके मधोमध बारीक तडकले होते, पण तडा सपाट होता. बोट फिरवलं तर काही लागत नव्हतं. भेग नुसती रुंदावत होती, उघडझाप करत होती. उंबऱ्यावरचे ठिपके मात्र फुटून त्यांना पायरी पडली होती. एक तुकडा वर, एक खाली. मागच्या खोल्या नुसत्या सरकत नव्हत्या, बसत होत्या.

या वेळी प्रेमराज घरी होता. जिनिंगमधून मुद्दाम सुट्टी काढून आला असावा. त्याने तिला पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही सांगाल ते करू. पण जरा लवकर झालं तर..."

मॅडम. तुम्ही. तिला वाटलं होतं तसं काही टोचलं नाही. उलट काम सोपं झालं.

"मागच्या खोलीत एक खड्डा घ्यायचाय," ती म्हणाली. "हातभर खोल. माणूस आहे का?"

माणूस कशाला, प्रेमराजने स्वतःच पहार घेतली. फरशी काढली, काँक्रीट फोडलं. ते पापडासारखं पातळ होतं. खाली मुरूम लागायला हवा होता. लागली ती माती. काळीभोर, चिकट, आणि या थंडीतही ओलसर. ओल कुठून? हेमांगी बाहेर जाऊन आली. मोरीचं पाणी भिंतीलगतच्या नाल्यात पडत होतं आणि नाला मधेच फुटलेला होता. धुण्याचा दगडही तिथेच. वर्षानुवर्षं भिंतीच्या पायाशी पाणी मुरत होतं. पावसाळ्यात माती फुगायची, उन्हाळ्यात मोरीपासून लांबचा भाग वाळून आकसायचा, जवळचा ओलाच राहायचा. घर एका अंगाने वर, एका अंगाने खाली.

तिने मातीचं ढेकूळ हातात घेऊन बोटांनी मळून पाहिलं. कणकेसारखं मळलं गेलं.

आबा एवढा वेळ दाराशी उभे होते. या दोन भेटींत ते तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. रामराम केला होता तेवढाच. आता ते काठी टेकत आत आले, वाकले, तिच्या तळहातावरची माती चिमटीत घेतली आणि नाकाशी नेली. शेतकऱ्याला माती ओळखायला डोळे लागत नाहीत.

"ही तर मनी माटी शे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"वावरमाईन आनेल शे. नदीकाठनं वावर. ट्रॅक्टर भरी भरी आनी व्हती मी." त्यांनी प्रेमराजकडे पाहिलं. "गवंडी म्हने मुरूम आना. मी म्हनं, मुरूम कसाले? एवढी सोनानी माटी शे."

नदीकाठचं ते वावर आबांचा जीव की प्राण होतं. तिथला कापूस गावात सगळ्यात आधी फुटायचा. लग्न होऊन आल्यावर पहिल्या आठवड्यात आबा हेमांगीला तिथेच घेऊन गेले होते आणि मूठभर माती दाखवून म्हणाले होते, हिच्यात काठी खोचली तर पालवी फुटेल.

"शेताला हीच चांगली, आबा," हेमांगी म्हणाली. हा शब्द तोंडातून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की ती त्यांना पूर्वीसारखंच आबा म्हणाली. "ही पाणी धरून ठेवते म्हणून कापूस येतो. पण पाणी धरलं की फुगते, सोडलं की आकसते. घराखाली तीच घातली तर घरही तिच्याबरोबर वर-खाली होतं."

"बठ्ठं घर?"

"सगळं नाही, मागचं. पुढचा हॉल आधीच्या पक्क्या जोत्यावर आहे, तो बराच सावरलाय. मागच्याची ओढ बसून त्यालाही भेगा पडल्यात, पण त्या साध्या आहेत."

आबांनी चिमटीतली माती परत तिच्या तळहातावर ठेवली. मंजुळाबाई दारात उभ्या होत्या, कामिनी त्यांच्या मागे. आबा वळले, त्या दोघींमधून वाट काढत ओसरीवर गेले. सगळ्यांना ऐकू येईल इतक्या मोठ्याने ते आपल्या म्हाताऱ्या आत्याला म्हणाले, "आत्या, पायगुन कोना शे ते सापडनं. मना शे. माटी मी आनी व्हती."

भिकुबाईने मान वर केली. तिला सगळं ऐकू आलेलं असावं, भिंती पातळच होत्या. थोडा वेळ ती दात नसलेलं तोंड हलवत राहिली. मग म्हणाली, "मंग तुले घरमाईन कोन काढी?"

आबा पायरीवर बसले. मंजुळाबाई पदराचं टोक तोंडाशी धरून आत निघून गेल्या. प्रेमराज खड्ड्यात पहार टेकवून खाली बघत होता. त्याची मान त्या वेळीही अशीच असायची, हे हेमांगीच्या लक्षात आलं. तिने ढेकूळ प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, वर मार्करने गावाचं नाव आणि तारीख घातली. हात धुवायला ती बाहेरच्या दगडापाशी गेली.

कामिनी मागोमाग तांब्या घेऊन आली आणि तिच्या हातावर पाणी ओतू लागली.

"ताई, मग आता काय करायचं? ती चटई टाकली तर सगळं बंद होईल?"

"तू भाकरी करतेस ना? परातीत थापताना खाली पीठ का भुरभुरतेस?"

"चिकटू नये म्हणून. फिरली पाहिजे ना."

"ती चटई म्हणजे ते पीठ. काँक्रीट थोडं इकडे-तिकडे झालं तरी ओढ फरशीपर्यंत पोचत नाही. पण परातच एका बाजूने खाली गेली तर? पीठ काय करणार बिचारं?"

कामिनी विचार करत उभी राहिली. "म्हणजे हॉलमध्ये चटई. आणि मागे आधी परात सरळ करायची."

"तेच."

तेच तिने संध्याकाळी ओसरीवर सगळ्यांना सांगितलं. अभिमनशेठही आला होता. हॉलची फरशी पूर्ण काढायची, काँक्रीटवर दाणेदार चटई, तिच्यावर फरशी, आणि चारी भिंतींना बोटभर जागा मोकळी. ती वर पट्टीखाली झाकली जाईल, दिसणार नाही. मोरीकडच्या बोळात चटई नको. तिथे ब्रशने मारायचं रबरासारखं मेंब्रेन, दोन हात, कारण तिथे भेगेइतकीच ओलीची भीती आहे. मागच्या दोन खोल्यांत सध्या कोणतंच मेंब्रेन नको. काळी माती काढायची, मुरूम भरून पाणी मारून ठोकायचा, नाला लांबून न्यायचा, धुण्याचा दगड हलवायचा, लोखंड घालून नवं काँक्रीट करायचं. ते सुकल्यावर तिथेही चटई घाला हवी तर.

"मॅडम, यात तर दोन महिने जातील," प्रेमराज म्हणाला. "सगळीकडे चटई टाकून आत्ता भागणार नाही का? पुढचं पुढे बघू."

"भागेल. डोहाळजेवणापुरतं भागेल." ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "मेमध्ये उंबऱ्यावर परत फुटेल. तेव्हा पाळण्यात मूल असेल आणि ओसरीवर माणसं असतील. मग नाव कुणाचं घ्यायचं ते तुम्ही ठरवा."

प्रेमराज लाल झाला. बायकोकडे बघून त्याने मान हलवली. "मागचंही आत्ताच करू," तो म्हणाला. त्याने आईला विचारलं नाही. हेमांगीने त्याला आईला न विचारता काही ठरवताना पहिल्यांदाच पाहिलं. त्याचं काय करायचं ते तिला कळेना, म्हणून तिने पुढचा मुद्दा घेतला.

"आणि उंबऱ्यावर जॉइंट राहील. फरशीत आरपार, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. त्यात मऊ मसाला भरायचा, सिमेंट नाही. तो झाकायचा नाही."

इथे मंजुळाबाई अडल्या. इतकं सगळं त्यांनी ऐकून घेतलं होतं, पण घरात आरपार रेघ? नव्या घरात? वास्तूला चिरा पडल्यासारखं दिसतं ते. "बठ्ठं कर माय, पन रेघ नको."

"अक्का, पुढचं घर आणि मागचं घर वेगवेगळ्या वेळी बांधलेलं आहे. ते वेगवेगळंच हलणार. किती चांगली माती भरली तरी थोडं हलणारच. तिथे रेघ पडायचीच आहे. आपण मारली तर सरळ पडेल. घराला मारू दिली तर कशीही पडेल."

मंजुळाबाईंनी बोटाने जमिनीवर एक रेघ ओढून पाहिली. मग त्यांनी विचारलं, "काळी राही का?"

"फरशीच्या रंगाची मिळते."

"मंग कर," त्या म्हणाल्या.

डोहाळजेवण नागड्या काँक्रीटवर सतरंज्या टाकून झालं. हेमांगी अर्थातच नव्हती. अभिमनशेठने फोनवर सांगितलं की भारीच झालं, पाहुण्यांनी काँक्रीटबद्दल विचारलं तर खुद्द आबा सगळ्यांना खड्ड्यापाशी नेऊन माती दाखवत होते. म्हाताऱ्याला एक नवा नादच लागला होता. गावात कुणी घर बांधायला काढलं की हे काठी टेकत जाऊन विचारायचे, भरावाला काय घालतोस?

हॉलचं काम माघात झालं. हेमांगी दोनदा जाऊन आली. गवंड्याने पहिल्याच दिवशी चटईच्या दाण्यांत मसाला नीट दाबला नव्हता. तिने ती रांग काढायला लावली, तो रागावला, पण काढली. कामिनी तेव्हा माहेरी, शिरपूरला गेलेली होती. मागच्या खोल्या तिच्या परतण्याच्या आधी, होळीच्या सुमारास पुऱ्या झाल्या. मुलगी झाल्याचं हेमांगीला कळलं ते असंच, अभिमनशेठकडून, सिमेंटच्या गोणींच्या बोलण्यात.

मे महिन्यात धुळ्यात उन्हाने कहर केला. त्या दिवसांत फोन वाजला आणि निंबखेड्याचा नंबर दिसला की हातातलं काम टाकून ती आधी तो घ्यायची. ती स्वतःला सांगायची की हे कामाचं आहे, आपण सुचवलेला उपाय टिकला पाहिजे. ते खरंही होतं. एकदा दुपारी कामिनीचा फोन आला. फरशीचं काही नव्हतं. बाळ आता फरशीवर पालथं पडायला बघतं, फरशी थंड असते, खाली गोधडी घालू की नको, असं विचारायला केला होता. हेमांगी म्हणाली, मला मुलांचं काही कळत नाही. पण घाल.

भाद्रपदात, पाऊस भरपूर होऊन माती पुरती फुगलेली असताना, ती शेवटची तपासणी करायला गेली. पुढे पिंपळनेरला एका नव्या दवाखान्याची जमीन बघायची होती. वाटेतच पडत होतं.

तिने दांडी घेऊन पुन्हा कोपऱ्यापासून सुरुवात केली. हॉल भरीव वाजला. सगळा. उंबऱ्यावर पट्टी ठेवली तर खोलीच्या बाजूला किंचित उंचवटा होता, नखाएवढा. मुरुमाच्याही खाली कुठेतरी काळी माती होतीच, तिने आपलं थोडं केलंच होतं. जॉइंटमधला मऊ मसाला एका बाजूने ओढला गेला होता, पण सुटला नव्हता. फरशी दोन्हीकडे शाबूत.

"हालनं का?" मंजुळाबाईंनी वरून विचारलं. त्या नातीला काखेत घेऊन उभ्या होत्या.

"थोडं हललंय."

"फुटी का?"

"नाही फुटणार."

मंजुळाबाईंनी मान डोलावली. मग बाळाला कामिनीकडे देऊन त्या चुलीकडे गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "जेवी जाय."

हेमांगीने घड्याळाकडे पाहिलं. पिंपळनेरचे डॉक्टर वाट बघत होते. नाही म्हणायला एवढं कारण पुरेसं होतं, आणि ते खोटं नव्हतं. ती हात धुऊन आली आणि हॉलमध्ये भिंतीला टेकून मांडी घालून बसली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, शेवेची भाजी, कांदा. मंजुळाबाई समोर बसून वाढत राहिल्या. एकदा मंजुळाबाई म्हणाल्या, "तवय आम्हले काय समजत व्हतं?" हेमांगीने ते ऐकलं. मलाही कळत नव्हतं, असं ती म्हणू शकली असती, आणि ते खरंच होतं. पण तिला ते म्हणावंसं वाटलं नाही. ती म्हणाली, "भाजी तिखट आहे." मंजुळाबाईंनी तिच्या ताटात तुपाची धार सोडली.

निघताना प्रेमराज मागच्या खोलीचं दार खटपट करून लावत होता. पावसाळ्यात चौकट आणि दार दोन्ही फुगून ते घट्ट बसत होतं. उद्या सुतार बोलावून खालून चांगलं अंगठाभर तासून घेतो, असं तो म्हणाला.

"एवढं नको," हेमांगी चप्पल घालता घालता म्हणाली. "थोडाच रंधा मारून घ्या. उन्हाळ्यात सैल होईल परत."

"बरं," प्रेमराज म्हणाला.

ओसरीवर भिकुबाई झोपली होती. आबा कुणाच्या तरी नव्या घराचा पाया बघायला गेले होते. हेमांगी गाडीत बसली. साक्रीपर्यंत रस्ता चांगला होता, पुढे खड्डे लागले.